घरी येणारी स्तनपान सल्लागार, कोल्हापूर : बाळाच्या शीत रक्त दिसलं तेव्हापासूनचा आमचा अनुभव

लिहायचं लिहायचं म्हणत इतके महिने गेले, आज लेक लवकर झोपलीय तर लिहूनच टाकते. या ताई कोल्हापुरात घरी येऊन अंगावर पाजण्याबद्दल सल्ला देतात. मी त्यांना पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मुलगी सात आठवड्यांची होती आणि त्याच दिवशी पहाटे तिच्या लंगोटात रक्त दिसलं होतं. रक्त म्हणजे भळाभळा नव्हे, हिरवट, शेंबडासारखी चिकट शी आणि तिच्यात लाल दोऱ्याचे तुकडे पडल्यासारखे धागे, पण पहिलटकरणीला एवढं बास होतं, माझे हातपायच गळाले. मैत्रिणीने नंबर दिला, सकाळी साडेसातला मेसेज केला, आठच्या आत त्यांचा फोन आला आणि पहिला प्रश्न काय तर "बाळ पितंय का, लघवी करतंय का, अंग गरम आहे का?" सगळं ठीक आहे म्हटल्यावर म्हणाल्या, तो लंगोट धुवू नका, फोटो काढून ठेवा आणि शक्य असेल तर तसाच पिशवीत बांधून ठेवा, मी अकराला येते. आणि अकराला खरंच आल्या.

त्याआधीचे चार आठवडे कसे गेले ते थोडं सांगते, कारण ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांना ते ओळखू येईल. तिसऱ्या आठवड्यापासून ती पिता पिता मध्येच सोडून मागे धनुष्यासारखी ताणायची, रडून लाल व्हायची, परत तोंड लावायची, परत सोडायची. संध्याकाळी सहा ते दहा नुसतं रडणं. गालावर आणि कानामागे खरबरीत लाल चट्टे आले होते. घरात प्रत्येकाचं वेगळं, कुणी म्हणायचं वात धरलाय, कुणी म्हणायचं दृष्ट लागली, कुणी ओव्याचा शेक दे म्हणायचं, शेजारच्या आजी घुटी उगाळून घेऊन आल्या. एका ठिकाणी दाखवलं तर पाच मिनिटांत "लॅक्टोज इन्टॉलरन्स" असं लिहून दिलं, पिण्याआधी द्यायचे थेंब दिले आणि तीन दिवस अंगावरचं बंद करून लॅक्टोज नसलेली पावडर द्या म्हणून सांगितलं. मी एक दिवस दिली. त्या एका दिवसात माझी छाती दगडासारखी झाली, ताप भरला, बाळ बाटलीलाही रडतंय आणि मीही रडतेय, आणि रक्त त्यानंतर पाचव्या दिवशी दिसलं. म्हणून मी त्या दिवशी खूप रागातच होते, कुणावरच विश्वास ठेवायची मनःस्थिती नव्हती.

ताई आल्या, दारात चपला काढल्या, न सांगता मोरीवर जाऊन हात धुतले आणि सरळ माझ्यापाशी बसल्या. बाळाला हात लावायच्या आधी मला विचारलं, "तुम्ही सकाळपासून काय खाल्लंय?" गेल्या सात आठवड्यांत बाळाबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मग बाळाला उघडं करून स्वतःच्या काट्यावर वजन घेतलं, ४ किलो २०० भरलं, जन्माचं २ किलो ९०० होतं, म्हणाल्या वजन छान वाढतंय, ही फार चांगली गोष्ट आहे, आधी एवढा श्वास घ्या. मग लंगोट बघितला. नाक न मुरडता, खिडकीपाशी उजेडात धरून, काडीने शी बाजूला करून धागे बघितले.

आणि इथेच मला त्यांचं कौतुक वाटतं, त्यांनी लगेच "दुधाची ॲलर्जी आहे" असं म्हटलं नाही. आधी पाजताना बघितलं, पूर्ण अर्धा तास. माझं दूध सुरुवातीला फार जोरात यायचं, बाळाला ठसका लागायचा, हवा जायची, आणि मी दर पाच मिनिटांनी बाजू बदलायचे कारण मला तसंच सांगितलं होतं. त्यांनी मला मागे रेलून बसवलं, बाळाला माझ्या पोटावर उताणं न धरता पालथं घेतलं, एक बाजू पूर्ण होईपर्यंत बदलायची नाही म्हणाल्या. हिरवी फेसाळ शी आणि गॅस यानेही होतो, त्यामुळे आधी हे दुरुस्त करायचं, नाहीतर उगीच आईचं खाणं बंद व्हायचं आणि बाळाला फरक शून्य. पण रक्त आहे म्हणून आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा असं स्पष्ट सांगितलं, स्वतः एक कागद लिहून दिला, त्यात वजन, शीचं वर्णन, किती वेळा पाजते, सगळं. ही ॲलर्जी अंगावर पिणाऱ्या फार थोड्या बाळांना असते, रडणारं प्रत्येक बाळ म्हणजे दुधाची ॲलर्जी नव्हे, हे त्यांनी दोनदा तरी सांगितलं असेल.

डॉक्टरांनी (हे वेगळे, ताईंनी सुचवलेल्या तिघांपैकी आमच्या घराजवळचे) शीच्या जागी चीर पडलीय का ते आधी बघितलं, नव्हती. शीची तपासणी केली, इन्फेक्शन नव्हतं. रक्ताची ॲलर्जी टेस्ट करायची का विचारलं तर म्हणाले या प्रकारात ती टेस्ट बहुतेक वेळा निगेटिव्हच येते, पैसे घालवू नका, खरी टेस्ट एकच, आईने दूध पूर्ण बंद करून बघायचं आणि मग परत सुरू करून बघायचं. पाजणं मात्र एक दिवसही थांबवायचं नाही. ताईंचंही अगदी हेच म्हणणं होतं, दोघांचं एकमत झालं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आता लॅक्टोजचा घोळ, कारण माझी मोठी चूक इथे झाली होती आणि अजून किती जणी करत असतील. ताईंनी मला वहीत चित्र काढून समजावलं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती आईच्या दुधात असतेच, १०० मिलीला साधारण ७ ग्रॅम, आपण चहात दूध घालू नाहीतर न घालू, छाती ती साखर स्वतः बनवते. म्हणजे आईने दूध सोडल्याने अंगावरच्या दुधातलं लॅक्टोज कमी होत नाही, आणि जन्मतःच लॅक्टोज न पचणारं बाळ ही फारच दुर्मिळ गोष्ट आहे. आमच्या बाळाचा त्रास होता तो दुधातल्या प्रोटीनचा. आपण दूध, दही, पनीर खाल्लं की त्यातल्या प्रोटीनचा अगदी बारीक अंश आपल्या दुधात उतरतो, बहुतेक बाळांना काही होत नाही पण काहींच्या आतड्याला ते सोसत नाही, आतून सूज येते आणि त्या सुजेतून रक्ताचे धागे. म्हणून लॅक्टोज फ्री दूध हा यावर उपायच नाही, त्यातली साखर तोडलेली असते पण प्रोटीन जसंच्या तसं असतं. मला दिलेल्या त्या पावडरीचा डबा मी आणून दाखवला, ताईंनी घटकांची यादी मोठ्याने वाचली, त्यात दुधाचंच प्रोटीन. म्हणजे ज्याने त्रास होत होता तेच मी थेट बाळाच्या पोटात घातलं होतं. ते ऐकून मी रडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही केलंत, आता पुढचं बघू.

पुढचं म्हणजे आमचं घर. आमच्याकडे गावी चार म्हशी, रोजचं दूध डेअरीला जातं आणि घरचं वेगळं निघतं. नवरा लग्नाआधीपासून गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाणारा. अशा घरात बाळंतिणीला दूध नको म्हणणं म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. सकाळी शतावरी घालून ग्लासभर दूध, दहाला अळिवाची खीर, जेवणात तूपभात, दुपारी तुपातला डिंकाचा लाडू, रात्री खसखस घालून परत दूध, आणि वर हॉस्पिटलमधून दिलेली बाळंतिणीची प्रोटीन पावडर, तीसुद्धा दुधाच्या भुकटीचीच. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हशीचं चालतंय की मग, गाईचं नको म्हणल्यात न्हवं?" आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे बरं का, कारण सगळीकडे नाव "काऊज मिल्क ॲलर्जी" असंच घेतात. ताई त्यांच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, म्हशीचं, गाईचं, शेळीचं, तिन्हींतलं प्रोटीन एकमेकांच्या इतकं जवळचं की बाळाच्या पोटाला त्यातला फरक कळत नाही. तुमच्या म्हशीचं दूध वाईट नाही, फक्त या बाळाला आत्ता सोसत नाही." सासूबाईंनी मग एकच विचारलं, "मग हिला दूध येणार कशातनं?" दूध बाळाच्या ओढण्याने येतं, आईच्या दूध पिण्याने नाही, आणि म्हशीला तरी कुठे आपण दूध पाजतो, ती वैरणीवरच देते की, असं ताईंनी म्हटल्यावर सासूबाई पहिल्यांदा हसल्या. त्या दिवसापासून माझ्या खाण्याची राखण माझ्यापेक्षा त्यांनी जास्त केली, हे मला लिहायलाच हवं.

मग स्वयंपाकघर. ताईंनी फळीवरचं एकेक पाकीट काढून मागची बारीक अक्षरं वाचायला शिकवलं. साध्या ग्लुकोज बिस्किटात मिल्क सॉलिड्स, टोस्टमध्ये, पावात, तयार सूपच्या पाकिटात, चॉकलेटात तर असतंच. व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स, बटर, चीज, खवा, ही सगळी दुधाचीच नावं, हे सगळे शब्द एका कार्डावर लिहून फ्रिजला चिकटवले. पाकिटबंद मालावर ॲलर्जीच्या घटकांची माहिती छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे, त्यामुळे "कंटेन्स मिल्क" ही ओळ आधी शोधायची. पण बेकरीतल्या सुट्या खारीवर कोण काय छापणार, ती बंद. तुपात प्रोटीन अगदी नावालाच उरतं, पण चाचणीचे चार आठवडे तेही नको म्हणाल्या, नाहीतर शेवटी कळतच नाही की नक्की कशाने काय झालं. सासूबाई माझी चपाती वेगळ्या तव्यावर तेल लावून करायच्या कारण मोठ्या तव्याला तूप लागलेलं असायचं.

खायचं काय याचं टेन्शन मला सगळ्यात जास्त होतं, आणि इथे ताईंचा चार्ट खरंच आपल्या मातीतला आहे, इंटरनेटवर मिळतात तसा ॲव्होकाडो आणि केल नावाच्या परदेशी पालेभाजीचा नाही. नाचणीची भाकरी आणि पाण्यातली आंबील (ताक न घालता), नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढरे तीळ, १०० ग्रॅमला १२०० च्या वर, म्हणून रोज दोन चमचे तिळाची चटणी किंवा कूट भाजीत. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, मासे, अंडी, मटण चालत असेल त्यांना ते. अळीव नारळाच्या दुधात भिजवून गुळातले लाडू, डिंक शेंगतेलात तळून. पांढरा रस्सा घरचा, ओलं खोबरं, तीळ, खसखस आणि काजूचा, त्यात दूधदही नाहीच, तो तर मी आठवड्यातून दोनदा प्यायले. एवढं करूनही कॅल्शियम कमी पडतं म्हणून डॉक्टरांनी मला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत व्हिटॅमिन डी दिलं, ते मनाने घ्यायचं नाही आणि मनाने सोडायचंही नाही. बाळाचे रोजचे व्हिटॅमिन डीचे थेंब चालूच होते.

फरक कधी पडला तर लगेच नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण चौथ्या दिवशी परत रक्त दिसलं आणि मी सगळं सोडायला निघाले होते. रात्री साडेदहाला मेसेज केला, ताईंचं उत्तर आलं की तुमच्या दुधातलं प्रोटीन काही दिवसांत जाईल पण आतड्याची सूज उतरायला दोन ते चार आठवडे लागतात, वही लिहीत राहा. वही म्हणजे एका बाजूला मी काय खाल्लं आणि दुसऱ्या बाजूला शी कशी, रडणं किती, झोप किती. अकराव्या दिवसापासून रक्त नाही. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं रडणं एवढं कमी झालं की सासरे येऊन विचारून गेले, पोरगी बरी आहे न्हवं? गालावरचे चट्टे सगळ्यात शेवटी गेले, चौथा आठवडा संपताना. एक दिवस मी तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते मऊ लागलं, तो स्पर्श अजून बोटात आहे.

मग आली ती पायरी जी बऱ्याच जणी टाळतात. चार आठवड्यांनी परत दूध प्यायचं. मला अजिबात नको होतं, बाळ एवढं छान झालंय तर कशाला परत, पण डॉक्टर आणि ताई दोघेही ठाम होते की परत त्रास झाला तरच कारण दूध आहे हे सिद्ध होतं, नाहीतर ते आपोआपही बरं झालेलं असू शकतं, बाळं मोठी होतील तशी रडणं कमी होतंच, आणि मग आई उगीच वर्षभर उपाशी राहते. पहिल्या दिवशी चहात दूध, दुसऱ्या दिवशी कप, तिसऱ्या दिवशी ग्लास. तिसऱ्या रात्री धनुष्य परत सुरू, चौथ्या दिवशी सकाळी लंगोटात तेच लाल धागे. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून यावेळी घाबरले नाही, दूध बंद केलं, वही बंद केली. आता संशय उरला नव्हता.

फी पहिल्या व्हिजिटची १२०० रुपये, दोन तास पूर्ण दिले, नंतरच्या दोन व्हिजिट ७०० च्या आणि मधले मेसेज त्यातच. मला ते अजिबात महाग वाटलं नाही. त्यांच्या पिशवीत कुठल्याही कंपनीचं पत्रक नव्हतं की सॅम्पल नव्हतं हेही सांगते, डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे तरी काय काय हातात येतं ते बाळंतिणींना माहितीय.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. एक, त्यांच्या चार्टमध्ये सोया दूध आणि टोफू बराच आहे, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही, हे मला डॉक्टरांकडून कळलं, चार्टवर ठळक लिहिलेलं पाहिजे. आमच्या बाळाला सोयाने काही झालं नाही, पण लिहा ताई. दुसरं, व्हिजिट फक्त शहरात आणि जवळपासच्या उपनगरांत, गावाकडच्या बायकांना व्हिडिओ कॉलवर भागवावं लागतं, माझ्या नणंदेला भुदरगडात रेंजच येत नव्हती, तीनदा कॉल कट झाला. महिन्यातून एखादा दिवस गावात बसलात तर फार बायकांची सोय होईल.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करतानाही त्यांनी मदत केली, नाचणी सत्त्व पाण्यात, भाताची पेज, वरणावर तुपाऐवजी तेल. आता ती अकरा महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून पहिली पायरी सुरू केली, दूध असलेलं भाजलेलं बिस्किट, आधी नखाएवढा तुकडा, मग चतकोर, मग अर्धं, भट्टीत भाजल्याने प्रोटीनचं रूप बदलतं म्हणून ते आधी. मग पुढे केक, दूध घातलेलं घावन, दही असं करत शेवटी साधं दूध. बहुतेक मुलं यातून मोठी होता होता बाहेर येतात असं दोघांनी सांगितलंय. अख्खं बिस्किट तिने नुकतंच खाल्लं, तीन दिवस शी बघितली, साफ.

एक मात्र नीट वाचा. आमचा प्रकार हळू उमटणारा होता, तासांनी नाहीतर दिवसांनी. ज्या बाळाला दूध पोटात गेल्यावर मिनिटांत नाहीतर तासा-दोन तासांत अंगावर गांधी येतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्यांवर उलट्या होतात, श्वास घरघरतो किंवा बाळ मलूल पडतं, त्यांनी या ताईंना नाही, कुणालाच मेसेज करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि अशा बाळाला दुधाची परत चाचणी किंवा ती बिस्किटाची पायरी घरी कधीच करायची नाही.

बाकी रडणारं बाळ, पिताना तुटणारं बाळ, शेंबडासारखी शी, न जाणारे चट्टे, आणि कुणी पाच मिनिटांत पाजणं बंद करायला सांगितलं असेल तर आधी या ताईंना बोलवा. मंगळवार आणि शुक्रवार सकाळच्या वेळा लवकर भरतात, आदल्या दिवशी मेसेज करा. आणि लंगोट धुवू नका, तो बघायलाच त्या आधी मागतात.